तीन नंबरच्या खोलीतला संदेश

आमचा शेजारी चारुदत्त कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहितो. मूळचा सांगलीचा, आता इकडे उत्तरेत, गोमती नगरचा. मला त्यातलं फारसं कळत नाही. त्यानं सांगितलं आणि मी थोडं पाहिलं, तेवढंच लिहितो.

शहराबाहेर बख्शी का तालाब नावाच्या गावाकडे बटाट्यांचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या कंट्रोलरमध्ये संदेशांची नोंद बसवायचं काम त्याला मिळालं. कुठली मोटर बंद पडली, कुठलं दार उघडलं, ते आपोआप पडद्यावर लिहिलं जावं म्हणून. प्रत्येक थंड खोलीत दाराशी एक बटण असतं. बाहेरून कडी लागून कुणी आत अडकलं, तर ते दाबायचं. त्याचा संदेश चारुदत्तनं हमालांनाही वाचता यावा असा ठेवला : 'अंदर आदमी है'.

नोंद सुरू केली आणि तीन नंबरच्या खोलीतून तोच संदेश आला. सगळे धावले. आत नुसती पोती आणि धुकं.

"बाबू, आलू ने याद किया है आपको," मॅनेजर हसला.

बटण बदललं, वायर बदलली. संदेश येतच राहिले. पडद्यावर दुसरं काही दिसेना. मॅनेजर चिडला, तेव्हा चारुदत्तनं या कामात सगळेच करतात ते केलं. तोच संदेश पुन्हा आला तर नोंदवायचा नाही, अशी अट घातली. पडदा शांत झाला.

घरी त्याच्या बायकोनं, मुक्तानं, ताट वाढलं, पण तो जेवेना.

"अहो, झालं ना काम?"

"झालं. पण आता खरंच कुणी अडकला, तर त्याचाही संदेश दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी मलाही तो सोबत घेऊन गेला. त्यानं अट काढली. लगेच एकाखाली एक ओळी उमटू लागल्या, मध्ये थांबून थांबून, दमलेल्या माणसानं दार ठोठावावं तशा. आम्ही आत गेलो. कुणी नव्हतं. चारुदत्तनं माझं बोट धरून बटणावर टेकवलं. त्या गारठ्यात ते बटण कोमट होतं.

बाहेर येऊन त्यानं प्रोग्रॅममध्ये भर घातली : हा संदेश आला की दाराची विजेवरची कडी आपोआप सुटावी.

"पगला गए हैं क्या?" मॅनेजर म्हणाला.

"अंदर कौन है, यह मैं कैसे तय करूँ, भैया?"

संदेश आला. कडी सुटली, दार किलकिलं झालं. पाठीवर पोती घेतलेले हमाल बाजूला सरकले, वाट मोकळी ठेवून उभे राहिले. मॅनेजरही सरकला.

मग एका हमालानं दार लोटून घेतलं. त्यानंतर त्या खोलीतून संदेश आला नाही.