त्या अमेरिकन शाहिराला धरलं का?

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला रिकामी टेप द्यायची नाही, असा नियम होता. बहारीनमधल्या मनामाच्या बाजारात तेव्हा कॅसेट भरून देणारी दुकानं रांगेनं होती. गिऱ्हाइकानं आपली कॅसेट आणायची, आम्ही ती कोऱ्यावर उतरवून द्यायची. गाणी संपून टेप उरली तर उरलेल्यात काहीतरी साजेसं घालायचं, नाहीतर माणूस परत येऊन भांडतो की अर्धी कोरीच दिलीत. मालक बहारीनचाच, वयस्क, सगळे त्याला अरबाब म्हणायचे. त्याचे नियम दोनच. टेप रिकामी नको, आणि दुकानात "पॉलिटिक्स मफी", म्हणजे राजकारण नको. त्यातला दुसरा मी मोडला तो पहिला पाळताना.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. एक अमेरिकन दुकानात आला. सलमानियाच्या हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि बोलणं इतकं हळू की दुकानातलं गाणं बंद करून ऐकावं लागे. त्यानं दिलेली कॅसेट मशिनीत घातली आणि मी दचकून आवाज कमी केला. चार पोरं जीव खाऊन ओरडत होती. ड्रम पळत सुटलेला, गिटार त्याच्या मागं, आणि गाणारा श्वाससुद्धा न घेता कुणावर तरी तुटून पडलेला. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं, की लगेच दुसरं.

"हे कोण?" मी विचारलं.

"माझ्या धाकट्या भावाच्या गावची पोरं आहेत. राष्ट्राध्यक्षाला शिव्या देतात."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"आणि अजून बाहेर आहेत?"

"आत्तापर्यंत तरी आहेत," तो म्हणाला, आणि आठवड्यानं येतो सांगून गेला.

सगळी गाणी कॅसेटच्या एका बाजूवर मावली. दुसरी बाजू अख्खी कोरी. आता हिच्यावर घालायचं काय? डिस्को घालून बघितला, मिळमिळीत वाटला. गझल घातली, ती तर ऐकवेना. शेवटी मी आबांची कॅसेट काढली.

आबा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातले शाहीर. रेशनच्या धान्यातले खडे, पुढाऱ्याची जीप, दुष्काळी कामावरची खोटी हजेरी, कशावर म्हणून त्यांचा पोवाडा नव्हता असं नाही. ढोलकीला माझा मामा, आईचा सख्खा भाऊ. आणीबाणीत पोलीस आबांना तालुक्याला घेऊन गेले. परत आले आणि थोड्याच दिवसांत, मी कामासाठी बाहेरगावी असताना, त्यांनी डफ खुंटीला अडकवला. गाणं बंद झालं, आणि हळूहळू बोलणंही बंद झालं. मामाचं येणं थांबलं, पोलिसांच्या धाकानं, असं मी धरून चाललो. आणीबाणी उठली, सरकारं पडली, परत आली, डफ मात्र जागचा हलला नाही. मी छाती फुगवून सांगायचो, माझ्या बापाला सरकारनं गप्प केलं. त्याआधी जत्रेत कुणीतरी भरलेली एक कॅसेट तेवढी माझ्याजवळ होती.

अमेरिकन कॅसेट घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला तो सरळ स्टूल ओढून बसला. "दुसऱ्या बाजूला कुठला बँड आहे?"

मला हसूच आलं. "बँड कसला, माझे वडील आहेत."

त्यानं विचारलं, मागून ओरडतात ते कोण? मी सांगितलं, ते झीलकरी. शाहिराची ओळ पडली की मागच्यांनी "जी जी रं जी" म्हणून ती उचलायची. तो म्हणाला, आमच्यातही तेच आहे. होतंच. त्याच्या पोरांतही एकटा सांगायचा आणि बाकीचे मागून ती ओळ उचलून धरायचे. मी कॅसेट भरताना हेच ऐकलं होतं, फक्त कुणाला सांगावं असं माणूस भेटलं नव्हतं.

"हल्ली कुठं गातात?"

"गात नाहीत. सरकारनं बंद पाडलं."

त्यानं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाला, "या पोरांचं काय काय होतं ते मी तुला सांगत जाईन."

आता घरचं सांगतो. आम्ही गल्फमधली माणसं तेव्हा पत्रं कमी लिहायचो. शुक्रवारी टेपरेकॉर्डरपुढं बसून बोलायचं आणि गावाकडं कुणी निघालं की ती कॅसेट त्याच्या बॅगेत टाकायची. उलट आईची यायची. आई म्हशीपासून भावकीपर्यंत सगळं सांगायची, मागं आबा खोकायचे. "बोला की वो दोन शब्द," आई म्हणायची. "बरा हाय म्हणून सांग," आबा लांबूनच म्हणायचे. बास. तेवढ्यासाठी मी सगळी कॅसेट कान लावून ऐकायचो. मला आबांचा आवाज हवा होता. पोवाडा राहू दे बाजूला, नीट चार वाक्यं बोलले असते तरी माझं भागलं असतं.

त्या खेपेला माझं बोलणं संपलं आणि टेप उरली. हाताला सवयच ती. अमेरिकन पोरांची, माझ्यापाशी उतरवून ठेवलेली, दोन गाणी घातली आणि ही कोण, कुणाला शिव्या देतात, ते सांगून टाकलं.

महिन्या-दीड महिन्यानं आईचं उत्तर आलं. "आरं मुडद्या, त्ये काय धाडलंस? म्हस बिथारली की माझी." मग जरा थांबून म्हणाली, "तुझा बाप इचारतोय, त्या अमेरिकन शाहिराला धरलं का?"

मी टेप मागं घेऊन ते वाक्य पुन्हा ऐकलं. आबांनी कुणाविषयी काही विचारल्याला वर्षं झाली होती.

तिथून पुढं हाच उद्योग झाला. आबांचा प्रश्न मी अमेरिकनाला सांगायचा, त्यानं भावाला लिहायचं, आणि उत्तर आलं की मी ते कॅसेटवर बोलून साताऱ्याला धाडायचं. या बँडला आता मोठे हॉल कुणी देत नाही, गॅरेजमध्ये कार्यक्रम करतात. रेडिओ त्यांना वाजवत नाही. एका शहरात पोलीस दारातच उभे राहिले. आबांचे प्रश्न हळूहळू बारीक व्हायला लागले. नुसत्या शिव्या देतोय का पुरावा बी देतोय? माणसं शेवटपातूर बसत्यात का? वाजवणारी माणसं तीच हायती का बदलली? अमेरिकन एकेक प्रश्न गंभीरपणे ऐकून घ्यायचा. भावाकडून आलं, माणसं तीच आहेत, ड्रम वाजवणारा बेकरीत कामाला आहे, आणि लोक बसत नाहीत, उड्या मारतात. उड्यांचं आबांना पटलं नाही, असं आईनं कळवलं.

अरबाबनं एकदा ते गाणं ऐकलं. "हे पॉलिटिक्स आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. पण अमेरिकेचं."

त्यानं विचार केला. "मग चालेल," म्हणाला.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका गावात पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला आणि गाणाऱ्यावर खटला भरला. मी ते कळवलं तर आईचं उत्तर आलं, "त्या दिशी तुझा बाप जेवला न्हाय." मलाही गोड लागेना. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचा शब्द धड कळत नाही, त्याच्या खटल्याची तारीख मी अमेरिकनाला विचारत बसायचो. खटला तो जिंकला. त्या शुक्रवारी मी कॅसेटवर पेढे वाटल्यासारखा बोललो.

आणि थोड्याच दिवसांत अमेरिकन दुकानात आला, बसलासुद्धा नाही. "खलास," म्हणाला. हा शब्द त्याला इथंच लागला होता. "बँड फुटला."

"सरकारनं फोडला?"

"सरकारनं काही केलं नाही. गिटारवाला म्हणाला, खटला झाला, आता थोडे दिवस दमानं घेऊ. गाणाऱ्यानं त्याला भर कार्यक्रमात भित्रा म्हटलं. त्यानं गिटार खाली ठेवली आणि घरी गेला."

मला संताप आला. पोलिसांना पुरून उरले, कोर्टाला पुरून उरले, आणि एका शब्दापायी मोडले? हे आबांना सांगावं की नाही, मी दोन शुक्रवार घोळवलं. वाटलं, ऐकून परत गप्प होतील. पण आजवर सगळं खरं सांगितलं होतं. सांगून टाकलं, आणि वर म्हणालो, "आबा, मला तर त्या गाणाऱ्याचाच राग येतोय."

पुढची कॅसेट सुरू झाली ती आईच्या आवाजानं, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"ऐकलंसा न्हवं पोरानं काय सांगितलं?"

"बंद कर त्ये," आबा.

"न्हाय करत. पोराला वाटतंय सरकारनं तुमास्नी गप केलं. पोलिसांनी च्या पाजून सांजच्याला सोडलं हुतं. माझा भाऊ म्हणला, दोन म्हयने दमानं घिऊ, लेकरं हायती. तेला भर जत्रंत भित्रा कोण म्हणलं? सरकार म्हणलं का?"

मग नुसती टेपची खरखर. मला वाटलं संपली. तेवढ्यात कुणीतरी जवळ सरकल्याचा आवाज आला.

"म्या म्हणलं," आबा म्हणाले. अगदी माइकपाशी. "त्या गाणाऱ्याला निरोप धाड. म्हणावं, गिटारवाल्याच्या घरी जा. उशीर करू नगं, वरसं लई झटक्यात जात्यात."

मागितली होती तेवढी वाक्यं मला मिळाली. मी काउंटरमागं बसून रडलो, आणि रडतारडता रागही आला. दहा वर्षं मी सरकारच्या नावानं बोटं मोडत होतो, आणि भांडण निघालं मेहुण्या-मेहुण्याचं. आई तेव्हापासून माहेरी का गेली नव्हती, तेही तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं.

निरोप मी अमेरिकनाला शब्दन् शब्द सांगितला. भावाला कळवतो म्हणाला. पुढं त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तो मायदेशी गेला. तो गाणारा गिटारवाल्याच्या दारात गेला का, मला आजतागायत ठाऊक नाही. अजून अधूनमधून मनात येतं.

त्यानंतरची कॅसेट उशिरा आली. पहिली बाजू आईनंच संपवली. दुसरीवरही बरंच बोलली, मग म्हणाली, "आता मी गप बसते. तुझा मामा आलाय." ढोलकीवर थाप पडली. मग डफ. मग आबांचा आवाज, फाटलेला, वरच्या सुरावर घसरला आणि पुन्हा चढला. नवा पोवाडा होता, अमेरिकेतल्या चार पोरांचा.

"न्हाई मोडला सरकारानं, न्हाई मोडला शिपायानं..."

"जी जी रं जी," मागून मामा.

"मोडला आपल्याच एका..."

आणि खटकन टेप संपली. जन्मभर लोकांच्या टेपा मोजून भरल्या मी, आणि माझ्या घरच्यांना टेप किती उरली ते बघायचं सुचलं नव्हतं.

मी अरबाबकडं सुट्टी मागितली.

"घरी कुणी आजारी आहे?"

"नाही. वडिलांचं गाणं अर्धंच आलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "पॉलिटिक्स?"

"घरचंच," मी म्हणालो.

त्यानं उठून फळीवरच्या सगळ्यात लांब कोऱ्या कॅसेटी काढल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. "यल्ला," म्हणाला, "निघ आता, भरून आण."