सहादूतात्यांचं झिंक

दिंडोरीत माझं मेडिकलचं दुकान आहे. सहादूतात्या तिथे औषध घ्यायला कमी आणि द्यायला जास्त येतात. दुकानात कुणी शिंकलं की तात्यांचा हात खिशात गेलाच म्हणून समजा. "झिंकची गोळी घे. सर्दीचा व्हायरस आत शिरायच्या आधी आपले गडी तयार पायजेत." शिंकणारा बिचारा मिरचीच्या फोडणीतून उठून आलेला असायचा.

तात्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. झिंक कमी पडलं की वेलीची पानं बारीक राहतात, घडात मणी लहानमोठे होतात, हे त्यांना नजरेनंच कळतं. तरी पानाचे देठ तपासणीला पाठवून रिपोर्ट हातात आल्याशिवाय ते बागेत चिमूटभर खत टाकत नाहीत. असा काटेकोर माणूस. पण कोरोनात मालनबाईंच्या चिठ्ठीवर झिंक दिसलं, आणि तात्यांना परक्या गावात भाऊबंद भेटल्यासारखं झालं.

मालनबाई त्यांच्या पत्नी. बारा दिवस ऑक्सिजनवर होत्या. तात्यांना आत सोडत नव्हते, ते बाहेर लिंबाखाली बसून असायचे. त्या बऱ्या होऊन आल्या आणि तात्यांनी सगळं श्रेय झिंकला देऊन टाकलं. डॉक्टर, नर्सबाई, ऑक्सिजन, सगळे बसले हात चोळत.

चिठ्ठीवर गोळ्या होत्या चौदा दिवसांच्या. तात्यांनी त्या चार वर्षं चालवल्या. सकाळी मालनबाईंना कोमट पाणी आणि एक गोळी. स्वतःला सकाळी एक, संध्याकाळी एक आणि आभाळ आलं तर तिसरी. ढगाळ हवेत बागेला जादा फवारा लागतो, मग माणसानं काय घोडं मारलंय?

मी एकदा म्हणालो, "तात्या, सर्दी सुरू होताच घेतलं तर ती एखाददोन दिवस लवकर जात असेल, तेही नक्की नाही. रोज खाऊन सर्दी येतच नाही, असं कुठं सिद्ध झालंय?"

"तू दुकानदार हायेस का विरोधी पक्ष?"

मी गोळ्या दिल्या. चिठ्ठी मागायला हवी होती, मागितली नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या थंडीत तात्यांना सर्दी झाली ती तीन आठवडे हलेना. बागेच्या या टोकाहून त्या टोकाला जाताना धाप लागायला लागली. तात्यांनी त्यावर उपाय केला. चौथी गोळी सुरू केली. शेवटी मालनबाईंनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही तिघं नाशिकला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी फोनवरच आधी रक्त तपासून घ्यायला आणि घरात चालू असलेली सगळी औषधं सोबत आणायला सांगितलं होतं.

रिपोर्ट वाईट होता. रक्त कमी, पांढऱ्या पेशी कमी, तांबं तर जवळजवळ नाहीच. डॉक्टरबाई द्राक्षवाल्यांच्याच घरातल्या. त्यांनी विचारलं, "तात्या, बागेत स्फुरदाचं, फॉस्फरसचं खत जास्त पडलं तर काय होतं?"

"वेल झिंक उचलत नाय," तात्या परीक्षेतल्या हुशार मुलासारखे म्हणाले.

"तसंच तुमच्या पोटात झालंय. पांढऱ्या पेशींना झिंक लागतं, हे खरं. पण जास्तीचं झिंक तांब्याला अंगात शिरू देत नाही. आणि तांबं नसलं की त्याच पेशी तयार होत नाहीत. तुमची सर्दी लांबली त्यालाही हेच कारण असेल."

तात्यांचा चेहरा उतरला, पण हार मानतील तर ते तात्या कसले. "मग ही बघा ना! मालन! चार वर्सांत खोकला नाय हिला. झिंकच देतोय मी!"

मालनबाईंनी पिशवीतून बिस्किटांचा जुना डबा काढून टेबलावर ठेवला. आत गोळ्याच गोळ्या. "पयल्या आठवड्यानंतर मी एकबी खाल्ली नाय. तवाच मळमळायला लागलं होतं. नको म्हनले असते तर तुम्ही पुन्हा लिंबाखाली बसल्यासारखं तोंड केलं असतं. सूनबाई वर्साला मला फ्लूची लस टोचून आनती, तेवढंच. आन् काय हो, बागेत देठ तपासल्याबिगर खत टाकत नाय. माझा देठ कवा तपासला?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. तात्यांना झिंक बंद आणि तांब्याच्या मोजक्या गोळ्या सुरू झाल्या.

परत येताना ढकांबे गाव आलं. तात्या हळूच मला म्हणाले, "बागेत फवारतो ते मोरचूद, तेबी तांबंच ना रं?"

"विष आहे ते, तात्या!" मी ओरडलो. मालनबाईंनी तात्यांच्या खिशातून फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली काढली आणि आपल्या कमरेला खोचली.

तात्या बाहेर बघत राहिले. डोळे भरले होते. "म्हंजे चार वर्सं मी तुझ्यासाठी काहीच केलं नाय."

"रोज माझ्या आधी उठून पानी तापवलं," मालनबाई म्हणाल्या. "ते मी रोज पेले. उद्या जरा जास्त गरम करा."