तुरीच्या तासातले ठिपके

काल सांगता सांगता राहिलं ते हे, की फोन ठेवला आणि स्वप्नालीनं माऊस असा आपटला की कचेरीत शेजारी बसणाऱ्या फिरोजच्या टेबलावरचा चहा हिंदकळला. फोन पालीहून, तिच्या चुलतीचा, छबुबाईचा. "तुझ्या नकाशात आमचं सोयाबीन हिरवंगार हाय म्हणं. मग ये की काढायला. इळा नको आणू, खराटा आण."

पोरगी मुळात तापट. फाट्याच्या पुढं उतरवलं म्हणून एकदा एसटीसमोर उभी राहिली. गाडी मागं घेतली तेव्हाच हलली. बीडला शिकली आणि तिथल्याच एका खाजगी कचेरीत लागली. ड्रोननं रानाचे फोटो घ्यायचे, संगणकावर नकाशा मांडायचा. ज्या ठिपक्यावर टिचकी माराल, तिथून परतलेल्या उजेडाची रेघ बाजूला उमटते. जित्या पानाची रेघ उसळी घेते, वाळक्याची सपाट राहते. काही ठिपके माणसानं निवडून द्यायचे, हे सोयाबीन म्हणून. बाकीचं रान यंत्र त्यावरून ओळखतं. पावसानं दडी मारल्यावर पालीच्या नुकसानीची भरपाई या नकाशावरच ठरणार होती. नकाशा हिरवा गेला की गावाच्या हाती काही नाही.

ती टिचक्या मारत सुटली. हिरवा ठिपका, रेघ उसळली. जरा शेजारी, सपाट. पुन्हा हिरवा, पुन्हा उसळी. हिरवे ठिपके सगळे एका सरळ ओळीत. तिची कानशिलं तापली. सोयाबीनच्या पट्ट्यांमधून तुरीचं एकेक तास, म्हणजे एकेक ओळ, पेरलेलं असतं. मुळं खोल, म्हणून तूर तेवढी तगलेली.

"सर, सोयाबीन म्हणून हे ठिपके कुणी धरले?"

"मीच. कावून, काय झालं?" वरिष्ठ विजयसिंह म्हणाला. सिरसाळ्याच्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा.

"सगळे तुरीवर पडल्यात."

"रेघा बघ की, कशा सुरेख येत्यात. तू धरलेले सगळे मेलेले, म्हणून बदलले. नकाशा बिघडतो त्यानं."

"नकाशा न्हाई, रान बिघडलंय. तुमच्या रानात तुरीचं तास नसतं का? का गाडीच्या काचेतनं दिसत न्हाई?"

फिरोज खोकल्याआड हसला. विजयसिंहाचा आवाज चढला. "उद्या नकाशा वर जायचाय. हाय तसा जाऊ दे, आणि तपासणाऱ्याच्या जागी तुझं नाव टाक. का सायबांना सांगू, चुलतीच्या रानासाठी हिचा जीव तुटतोय म्हणून?"

स्वप्नालीनं त्याच्या डोळ्यांदेखत तुरीवरचे ठिपके पुसले आणि मान वर केली.

"सांगा की. चुलतीचा नंबरबी द्या सायबाला. पण तुरीला सोयाबीन म्हणणाऱ्या नकाशावर माझं नाव लागणार न्हाई, तिथं तुमचं टाका."