सहा घरांची मंडळी

लग्न होऊन मी तिरोड्याच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी नगरकडची. आमच्या गावचं चर्च दगडी, घंटा शिवारभर ऐकू जायची, पेटी वाजवायला वेगळा माणूस होता. नवरा इकडे दवनीवाड्याच्या अलीकडे एका खेड्यात शाळामास्तर. पहिल्या रविवारी त्यांनी मला एका शेतकऱ्याच्या पडवीत नेलं. अर्ध्या भागात गोणपाटं अंथरलेली, उरलेल्या अर्ध्यात बैलजोडी रवंथ करतेय. मी जरा वेळ वाट पाहिली आणि मग विचारलं, "चर्च कुठंय?"

"हेच," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारे दिवसभर माझ्यासमोर आले नाहीत.

गावात ख्रिस्ती अशी सगळी मिळून सहा घरं, तीच आमची मंडळी. ज्याची पडवी, तो धान पिकवणारा साधा शेतकरी, आणि मंडळीचा पंचही तोच. वाचायचा तो बोट ठेवून, अडखळत. पाद्री तीन महिन्यांतून एकदा यायचे, तिरोड्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलांच्या बंडीनं. ते आले की प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी वाटून खायची. द्राक्षरस म्हणजे मनुका भिजवून कुस्करलेलं पाणी. आणि भाकर तांदळाची, पळसाच्या पानात थापून निखाऱ्यावर भाजलेली. गहू त्या भागात सणालासुद्धा दिसायचा नाही. ती जाडजूड, कडेला करपलेली भाकर पाहून मी पहिल्याच वेळी नाक मुरडलं होतं.

भाकर करायची आमची शेजारीण. ती गावची दाई. विधवा, साठीला आलेली, काटक आणि तोंडाची फटकळ. फटकळ मीही होते, त्यामुळे आमचं सुरुवातीला बरं जमलं.

वैशाखात पाद्री यायचे होते. मी पोटुशी होते आणि उन्हानं डोकं फिरलं होतं, पण ती काही सबब नव्हे. माझ्या मनात एकच होतं, निदान एकदा तरी सगळं रीतसर व्हावं. नवऱ्याला गोंदियाला पिटाळून मी बेकरीतला पाव आणवला. रविवारी सगळ्यांच्या आधी पडवीत गेले, ताटावरचा रुमाल उचलला, भाकर काढली आणि पाव ठेवला. काढलेल्या भाकरीचं काय करावं ते सुचेना. समोर बैल होता, त्याच्या पुढ्यात टाकली. मागे वळले तर दाई दारात उभी.

 त्या दिवशी ती पाव न घेताच उठून गेली, आणि तेव्हापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मीही काही कमी नव्हते. आमच्या गावात चारशे माणसांच्या चर्चमध्ये दोन जावा बारा वर्षं अबोला धरून एकाच बाकावर बसायच्या, आणि कुणाचं काही अडायचं नाही. इथंही नाही अडणार, असं मी धरून चालले.

श्रावणात माझं बाळंतपण आलं. बाहेर सगळीकडे पाणी, तिरोड्याला जायची सोय नाही. नवरा न विचारताच दाईला घेऊन आला. तिनं माझं अख्खं बाळंतपण मुक्यानं केलं! मला काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची. "हिले म्हना, जोर लाव." मुलगी झाली, तेव्हा मात्र तिला छातीशी धरून भरभरून बोलली. बारा दिवस रोज येऊन तिला न्हाऊमाखू घातलं आणि तेराव्या दिवसापासून यायची थांबली.

पावसाळ्यात बंडी रुतायची, म्हणून पाद्री धान कापणीनंतरच आले. त्या रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला होता. मुलगी नाजूक होती, सारखी सर्दी-खोकला, आणि पाद्री पुन्हा येणार ते उन्हाळ्याच्या तोंडावर. बाप्तिस्मा आजच व्हायला हवा, याचा मी ध्यास घेतला होता. पडवी भरली. दाईही आली, अगदी मागे बसली. पंचानं ताटावरचा रुमाल उचलला तर ताट रिकामं. तिनं भाकर केलीच नव्हती.

मी लगेच म्हटलं, "पाव आहे माझ्याकडे, चहासाठी आणवलेला. आणते."

"पाव तं गोंद्याच्या हाटेलातबी भेटते," पंच म्हणाला. "बसा मास्तरीनबाई." मग तो पाद्र्यांकडे वळला. "सायब, ह्या दोघी वैशाखापासून बोलून नाही राहिल्या. आज ना भाकर मोडाची, ना बाप्तिस्मा कराचा."

मी ताडकन उठले. "भांडण आमचं आहे. माझ्या लेकरानं काय केलं?"

"लेकरानं काहीच नाही केलं. पन सायब तिले मंडळीत घेनार ना? मंग मंडळी कुठी आहे? हे तं माही पडवी आहे, अन् हे माहे बैल."

मी पाद्र्यांकडे पाहिलं. शिकलेला माणूस, या अडाण्याला दोन शब्द सुनावतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पंच बरोबर बोलतोय. माझी गाडी संध्याकाळची आहे. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. सगळेच थांबले. कुणी घरी गेलं नाही, कुणी मला समजावलंही नाही. मुलगी रडायला लागली. तिला थोपटत मी भिंतीला टेकून बसले, आणि रागानं माझे कान तापले होते. इतक्या वेळात एकदाही मला वाटलं नाही की चूक माझी आहे. मला फक्त एवढं दिसत होतं, की ऊन पडवीच्या पायरीवरून सरकतंय आणि बाप्तिस्मा हातचा जातोय. शेवटी मीच तोंड उघडलं, तेही तिरसटपणे. "एका भाकरीवरून एवढं काय, माय?"

दाई उठून पुढे आली. सात महिन्यांनी पहिल्यांदा ती माझ्याकडे पाहून बोलली.

"ह्या गावचे पोरं समदे माह्या हातावर जन्मले. घरात घेतेत, नाळ कापाले लावतेत, अन् मी गेल्यावर शेनानं सारवतेत. माह्या हातचं पानी कोनी पेत नाही. माह्या हातचा घास घेतला तं अठीच घेतला, ह्या पडवीत, ह्या सहा घरांनी. अन् तू शिकली-सवरली, प्रभूच्या घरची, तू तो बैलाले घातला. मले इचारलं काऊन नाही?"

 मला इतकी लाज वाटली, की मुलीच्या टाळूवर तोंड लपवावं लागलं. माझ्या मनात तिच्या जातीचा विचारही नव्हता, मी आपली गव्हाच्या पावाच्या नादात होते. पण तिला काय दिसलं असेल? गावानं जन्मभर जे केलं, तेच मी केलं होतं, आणि तेही जिथं ते होणार नाही अशी तिची खात्री होती तिथं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "पीठ दे. मी थापते."

पंचाच्या बायकोनं चूल पेटवली. नगरच्या पोरीला भाकरी काय शिकवायची, या तोऱ्यात मी गार पाण्यात पीठ भिजवलं. थापायला घेतलं तर चिरा पडून तुकडे तुकडे. बायका पदराआड हसायला लागल्या. दाईनं मला बाजूला सारलं.

"आधन ठेव. तांदराच्या पिठाले गरम पानी लागते, मास्तरीन. एवढंबी येत नाही?"

तिचं ते खेकसणं ऐकून मला रडू फुटलं. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही, पानं पुसत राहिली. दोघींनी मिळून केलेली ती भाकर एका बाजूला कच्ची आणि एका बाजूला काळी झाली. पाद्र्यांनी ती मोडली, तेव्हा उपासनेला तीन तास उशीर झाला होता. माझ्या वाट्याचा तुकडा मी दाईच्या हातून मागून घेतला.

मग बाप्तिस्म्यासाठी पाणी हवं होतं. पंचाची सून घागरीकडे निघाली, तिला मी थांबवलं. "पाणी दाईच्या घरचं आणा," मी म्हटलं. दाईनं स्वतः जाऊन लोटा भरून आणला.  पाद्र्यांनी मुलीच्या डोक्यावर पाणी घातलं. थंडीचे दिवस, मुलगी किंचाळली. मग त्यांनी लोकांकडे पाहून रीतीप्रमाणे विचारलं, "या लेकराला तुम्ही मंडळीत घेता काय?"

आमच्या गावी याचं उत्तर छापील असायचं, सगळे एका सुरात पुटपुटायचे. इथं कुणी तोंड उघडायच्या आत दाईनं मुलगी माझ्या हातातून ओढून घेतली.

"कवाचीच घेतली," ती पाद्र्यांना म्हणाली. "पयले माह्याच हातावर तं आली."