मावशीने सुचवलेल्या बारा गाड्या

कंपन्यांना गाड्यांचा ताफा आखून देणं हे आमच्या मावशीचं काम. गाड्या कोणत्या नि किती घ्याव्यात, खर्च किती, उपयोग किती, हे ती सांगायची. स्वतःला साधी सायकल येत नव्हती, पण रुबाब असा की ट्रकनेही अदबीने उभं राहावं.

एकदा रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीला सहा गाड्या पुरेनात. मावशीने महिनाभर आकडेमोड करून आणखी दोन सुचवल्या. तिथले एक म्हातारे ड्रायव्हर म्हणाले, "ताई, एक दिवस माझ्या शेजारी बसा, मग सांगा."

मावशी बसली. रस्त्यात वीस मिनिटं गेली, पण रुग्णालयाच्या दारात गाडी दीड तास उभीच. माणसं एकेक गाठोडं खांद्यावर घेऊन लांबलचक व्हरांडे तुडवत होती. मावशीनेही एक गाठोडं उचललं आणि अर्ध्या वाटेत त्यावरच बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "मग दोन गाड्या घेऊ ना?"

"बारा घ्या," मावशी म्हणाली, "पण ढकलगाड्या."

त्या आल्या आणि सहा गाड्यांचं काम पाचांत भागू लागलं. मावशीचं नाव झालं. काका मात्र येईल त्याला सांगत, "एवढी शिकली, आणि शेवटी हातगाडीवर आली."