नापास तात्या

एका माणसानं एकाच परीक्षेत, एकाच प्रश्नाला किती वेळा नापास व्हावं? आमचे तात्या ओळीनं अकरा वर्षं झाले. परीक्षा घेणारा मी, प्रश्न माझा आणि लाल रेघ मारणारा हातही माझाच. तोंडी परीक्षेला लाल रेघ कसली म्हणा, पण मास्तरकी अंगात मुरली की माणूस हवेतसुद्धा रेघा मारतो.

कुंडलकडच्या एका शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि मिरजेला घरी येऊन बसलो. चर्चच्या मंडळीनं मला पंचांत घेतलं आणि बाप्तिस्म्याच्या तयारीचा शनिवारचा वर्ग माझ्या गळ्यात मारला. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दर तीन-चार वर्षांनी बदलून जायचे, मास्तर मात्र इथलाच. त्यामुळं नवे पाळक आले की मलाच विचारायचे, "मास्तर, कोण कोण तयार आहे?" मी नावं सांगायचो. तात्यांचं नाव निघालं की म्हणायचो, "अजून नाही." झालं, पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटला.

तात्या जतकडचे धनगर. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडं आणि मेंढरांच्या मागं चालावं तशी संथ चाल. तरुणपणी मेंढरं विकून मिरजेला आले, एका दवाखान्यात रखवालदार म्हणून लागले आणि तिथंच म्हातारे झाले. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण रविवारी उपासनेला शेवटच्या बाकावर हजर. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर आणि द्राक्षारस फिरायला लागला की गुपचूप उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे, कारण बाप्तिस्मा न झालेल्याला तो घेता येत नाही. कुणी हटकलं तर म्हणायचे, "आमची पंगत अजून बसायची हाय." वर्गातली पोरं त्यांना 'नापास तात्या' म्हणायची. त्यांना त्याचाही राग नव्हता. "व्हय रं बाबांनो, तुमी व्हा फुडं," एवढंच बोलायचे. मेंढरं राखणारा हा माणूस चर्चमध्ये का यायला लागला, हे मी कधी विचारलं नाही. वर्ग घ्यायच्या घाईत विचारायचं राहूनच गेलं.

एरवी उत्तरांत म्हाताऱ्याला तोड नव्हती. "ख्रिस्त कशासाठी मेला?" असं विचारलं की पोरं पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणायची. तात्या म्हणायचे, "माझ्यापायी." बस्स. पुनरुत्थानाचं विचारलं तर, "तिसऱ्या दिशी उठला. उठलाच नसता तर आपन हितं शनवारचं कशाला बसलो असतो?" पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन असून एक कसे, यावर तर त्यांनी खांद्यावरचं घोंगडंच काढून दाखवलं. "ह्ये अंथरलं की अंथरूण, पांघरलं की पांघरूण, पावसात डोईवर घेतलं की खोळ. घोंगडं येकच." शास्त्राच्या काट्यावर हे उत्तर चक्क चूक आहे. जुन्या काळात यावरून माणसाला मंडळीबाहेर काढलं असतं. मी हसलो आणि पैकीच्या पैकी दिले.

येशूनं सांगितलेल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर, म्हणजे बोधकथेवर, मात्र ते बायबललाच हरकत घ्यायचे. "नव्याण्णव रानात सोडून येकामागं जानारा मेंढका बघितलाय का कुनी? लांडगा सगळी फाडंल की! राखणीला धाकटा भाऊ ठिवला असनार. लिवायचं राहिलं आसंल." पोरं खो खो हसायची आणि पुढचा अर्धा तास माझा वर्ग वाया जायचा.

मग यायचा तो प्रश्न. "तारण कशाने होते?" म्हणजे माणूस तरतो कशानं? उत्तर सोपं आहे: देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे. तात्या जमिनीकडं बघत म्हणायचे, "पान्यानं."

"अहो तात्या, बाप्तिस्म्याचं पाणी ही खूण आहे. कुंकू लावल्यानं लग्न होतं का? लग्न झालं म्हणून कुंकू लावतात."

"मग लावा की खूण. कोन नगं म्हनतंय?"

मी हट्टाला पेटायचो. "वधस्तंभावरचा तो चोर! त्यानं कधी बाप्तिस्मा घेतला? तरी प्रभू त्याला म्हणाला ना, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील?"

"त्या चोराच्या शेजारी परभू हुता, गुरुजी. माझ्या शेजारी तुमी हाय."

आता याला काय म्हणायचं? माझं म्हणणं असं, की पाण्यानंच माणूस तरतो असं समजणाऱ्याच्या डोक्यावर पाणी घातलं, तर आपण त्याला ताईतच बांधला. दोन पाळक मला म्हणाले, "मास्तर, जाऊ द्या हो, भाबडा माणूस आहे." मी ऐकलं नाही. उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा मार्क फुकट सोडला नव्हता, तो इथं कसा सोडणार?

गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या पायांना सूज आली, धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवलं. दुपारी मी भेटायला गेलो तर उशीला टेकून बसले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली होती. मी स्टुलावर बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बरे व्हा लवकर. शनिवारी वर्ग आहे."

"गुरुजी, उत्तर मला पाठ हाय," तात्या म्हणाले. "किरपेनं, इस्वासाच्या द्वारे. पयल्याच वर्साला पाठ झालं हुतं."

मी उडालोच. "मग अकरा वर्षं काय चेष्टा लावली होती माझी?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. मेंढरं विकली ती हौसेनं नव्हे. त्यांची पहिली आणि एकुलती लेक सव्वा महिन्याची असताना आजारी पडली, तिला घेऊन ते मिरजेला आले होते. डॉक्टरांनी आशा सोडली. एका नर्सबाईंनी विचारलं, हिच्या डोक्यावर प्रभूच्या नावानं पाणी घालू का? तात्या म्हणाले, घाला. दुपारच्या आत पोर गेली. बाई म्हणाल्या, आता ही प्रभूच्या मांडीवर आहे. त्या एका वाक्यासाठी हा माणूस गाव सोडून मिरजेत राहिला होता.

"आता मी तोंडानं म्हनू, पान्यानं काय हुत न्हाई? मग माझी पोर कुठं गेली, सांगा. सव्वा म्हैन्याच्या लेकराला कसला इस्वास? तिच्यापाशी पान्याबिगर काय हुतं?"

याचं उत्तर आहे हो. त्याच वाक्यात आहे. 'विश्वास'च्या आधी 'कृपा' हा शब्द येतो, तो असल्या लेकरांसाठीच आहे. शंभर वेळा मी तो फळ्यावर लिहिला असेल. त्या दुपारी माझ्या तोंडून तो फुटला नाही. मी नुसता त्यांचा सुजलेला हात धरून बसलो.

"मला तिच्याकडं जायचंय, गुरुजी. बाकी सरग-बिरग काय नगं."

मी बाहेर येऊन पाळकसाहेबांना फोन लावला. ते बैठकीसाठी साताऱ्याला गेलेले. म्हणाले, उद्या सकाळी नऊला पोचतो. मी आत येऊन सांगितलं, "तात्या, उद्या सकाळी. कसलाही प्रश्न नाही, काही नाही. पास तुम्ही."

"उद्या कुनी बघितलाय? तुमीच घाला की. त्यो काय प्याला हाय."

खाटेशेजारी स्टीलच्या पेल्यात पाणी होतं. मी म्हणालो, "मला अधिकार नाही, तात्या. बाप्तिस्मा पाळकांनीच द्यायचा असतो."

"त्या नर्सबाईला हुता व्हय?"

नियम नियम असतो, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, असं काहीबाही मी मनाशी म्हणत होतो. मग तात्या म्हणाले, "बरं. मग प्यायला तरी द्या." मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. दोन घोट प्यायले. थोडं हनुवटीवरून छातीवर सांडलं, ते मी रुमालानं नीट पुसून काढलं.

सकाळी नऊला पाळकसाहेबांना घेऊन गेलो तेव्हा खाट मोकळी होती. तात्या पहाटेच गेले होते आणि त्यांचा पुतण्या जीप करून त्यांना गावाकडं घेऊन गेला होता. मी फोन केला तर म्हणाला, "आवं गुरुजी, समदं आमच्या रीतीनं केलं बगा. कायबी कमी पडू दिलं न्हाई."

पाळकसाहेब चांगले माणूस आहेत. व्हरांड्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, जिवाला लावून घेऊ नका. तारण पाण्यानं होत नाही, विश्वासानं होतं. तो तरला."

तरले असतील. नव्हे, तरलेच असतील, मीच अकरा वर्षं तसं शिकवत होतो. पण हे तात्यांना कोण सांगणार? ते त्या खाटेवर रात्रभर जागे असतील, तर आपली लेक आता आपल्याला कधीच भेटणार नाही असं समजून जागे होते. आणि पेला माझ्या हातात होता.