चक्क्याऐवजी पनीर

मंडळी, बायकोच्या घशाचं रेडिएशन सुरू झाल्यापासून तिला गिळता येतं ते एवढंच: म्हशीचं दही फडक्यात टांगून केलेला चक्का, त्यात पिळलेली काकडी आणि भाजलेलं जिरं. मुलं त्याला डिप म्हणतात. मी स्वतःच शिकलो आणि त्यात हयगय मला चालत नाही.

आज सकाळी वेल्ह्याकडच्या वाडीतल्या दहीवाल्या मावशी म्हणाल्या, "म्हशी आटल्या, दादा. आता दही न्हाई."

मग भोरच्या बाजारातून पिशवीतलं दही आणलं. दुपारपर्यंत टांगूनही ते पातळच राहिलं, म्हणून त्यात पनीर वाटून घातलं. ही ओळखणार याची खात्री होती. दूध तळाला जरा लागलं तरी "आज लक्ष कुठं होतं?" विचारणारी बाई. बोलणी खायच्या तयारीनंच वाटी पुढे केली.

तिने दोन चमचे खाल्ले.

"नेहमीसारखंच झालंय की. छान."

म्हणजे इतके दिवस ती माझं मन राखत होती. चव कधी गेली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तुमच्या घरी कुणी यातून गेलं असेल तर खरं सांगा. चव परत येते का?